पप्पा म्हणतात विश्वास असल्यावर डायलिसिस कशाला, काय सांगू त्यांना?

मोसंबीवाला_जालना:
सलाम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. पप्पा ६३ वर्षांचे, दोन्ही किडन्या गेल्यात, दीड वर्ष झालं डायलिसिस चालूय, सोम-बुध-शुक्र. पहाटे साडेपाचला गावाहून निघायचं, चार तास मशीनवर, घरी येईस्तोवर दुपार होते अन् मग ते संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. आमची मोसंबीची बाग आहे अन् त्यांनाच मोसंबी बंद, पोटॅशियम वाढतं म्हणून. परवा माझ्या पोराला सोलून दिली अन् मग नुसती बोटं नाकाशी धरून बसले होते. बघवलं नाही.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात शेजारच्या गावात चर्चची तीन दिवसांची प्रार्थनेची मीटिंग होती, बाहेरून एक पाहुणे प्रचारक आलते, नाव नको. पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिथपर्यंत ठीक, पण मग सगळ्यांसमोर म्हणाले की येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालायला होडीतून उतरला तेव्हा एक पाय होडीत ठेवून नव्हता उतरला, मशीनवर भरवसा आहे का येशूवर ते ठरवा. झालं, पप्पांनी तेच धरून ठेवलंय. काल शुक्रवारी गेलेच नाहीत. आज पाय सुजलेत, दुपारी आडवं पडता येईना म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपले. मम्मी रडायलीय, मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, दोघं म्हणायलेत त्यांच्या विश्वासाच्या आडवं येऊ नको. अन् खरं सांगू का, माझ्याच्यानं प्रार्थनाच होईना झालीय, गुडघे टेकले की डोक्यात गाडीभाडं अन् खताची उधारी. सोमवारी त्यांना कसं न्यावं, काय बोलावं, कळंना.

सिस्टर_संभाजीनगर:
दादा सोमवारची वाट बघू नका!! पाय सुजलेत अन् आडवं झोपता येत नाही म्हणजे पाणी छातीत साठायला लागलं असणार. आत्ताच्या आत्ता डायलिसिस युनिटला फोन लावा, शुक्रवारचं चुकलंय सांगा, नाही उचलला तर सरळ इमर्जन्सीला न्या. पोटॅशियम चढलं तर हृदय थांबतं, अन् ते सांगून येत नाही. बाकीची चर्चा नंतर.

मी पण ख्रिस्तीच आहे, डायलिसिसलाच ड्युटी असते. सुई लावायच्या आधी मनातल्या मनात प्रार्थना करते, रोज, प्रत्येकाची. पण सुई लावतेच. अन् खर्चाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड-आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, अजून केलं नसेल तर.

औशाच्या_बाई:
सिस्टर बोलल्या ते आधी कर बाळा, मग हे वाच.

पप्पांशी वाद घालू नकोस, आजारी माणूस वादात हरत नसतो. शास्त्रच काढ. बायबलमधलं २ राजे, अध्याय २०. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, भिंतीकडं तोंड करून रडला, प्रार्थना केली, देवानं ऐकलं अन् १५ वर्षं वाढवून दिली. आता गंमत बघ, वचन मिळून गेलं होतं, तरी यशया संदेष्टा काय म्हणतो? अंजिराचा लेप आणा अन् गळवावर लावा. लावला तेव्हा बरा झाला. देवानंच शब्द दिलेला असताना लेप कशाला, असं ना राजा म्हणाला ना संदेष्टा. प्रेषित पौलासोबत फिरणारा लूक तर वैद्यच होता. आपल्या जालन्यातसुद्धा स्कॉटलंडहून मिशनरी आले त्यांनी नुसतं चर्च नाही बांधलं, दवाखाना पण काढला. ते काय कमी विश्वासाचे होते?

आता तुझं. मी ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप बघितलाय. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून दमून झोपलेले, अन् पहाटे चारच्या आत किल्लारी-सास्तूरकडची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या रविवारी आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, उपासनेला उशिरा आले, तिकडूनच आलते, नखं फुटलेली, कोपरापर्यंत माती. स्तोत्र ८८ वाचलं अन् खाली बसले. प्रवचन नाही काही नाही. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेचा एक शब्द नाही त्यात. मी तेव्हा तरुण होते, मला राग आला, म्हटलं काहीतरी धीराचं तर बोलायचं. पण नंतर माझे मिस्टर गेले तेव्हा मला तेच स्तोत्र वाचता आलं, बाकीची घशाखाली उतरेनात. तेव्हा शब्द सुचत नसतील तर नको. रोमकरांस ८:२६ बघ, शब्द नसतात तेव्हा आत्मा कण्हून मध्यस्थी करतो असं लिहिलंय. उधारीचा हिशोब पण त्यालाच सांग की, तो काय दुसऱ्या कोणाला सांगायचाय.

साक्षी_बीड:
माफ करा पण मला हे पटत नाही. माझ्या मावशीची गाठ उपवास-प्रार्थनेनं गेली, डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही लोक विश्वासाला कमी लेखायलात.

सिस्टर_संभाजीनगर:
ताई मावशी बऱ्या झाल्या, देवाचे आभार. त्यांनी तपासणी सोडली होती का? गाठ गेली हे सोनोग्राफीतच कळलं असेल ना.

साक्षी_बीड:
सोनोग्राफीतच. बरं. भाऊंच्या पप्पांसाठी आज आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये, घरातल्या प्रार्थनेत, मागते.

माळकरी_परभणी:
मी तुमच्यातला नाही, माळकरी आहे, बोललो तर चालंल का? आमचे दादा २२ वर्षं वारी चालले, बीपीची गोळी बुक्क्याच्या डबीत ठेवायचे. बुक्का कपाळाला अन् गोळी तोंडात. विठ्ठल काही रुसला नाही. गाडीची अडचण असंल तर सांगा, आमचे पाहुणे जालन्यातच राहतात.

मोसंबीवाला_जालना:
अपडेट. काल रात्रीच नेलं. पप्पा तयारच नव्हते, मग मी बाईंचा तो अध्याय मोठ्यानं वाचला, लेपापर्यंत आलो तर म्हणाले परत वाच. दोनदा वाचला. मग चप्पल शोधायला लागले. साडेतीन लिटर पाणी काढलं, डॉक्टर लई बोलले, बोलू द्या. आज आडवे झोपलेत.

रात्री मशीनजवळ बसलो होतो, त्यांच्या हातावर फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली नस, त्याच्यावर हात ठेवला की आत घुर्रर्र असं लागतं, रक्त पळतं ते. तसाच हात ठेवून बसलो, तोंडानं काहीच बोललो नाही, पण बऱ्याच दिवसांनी हिशोब आठवला नाही.

सोमवारचं नक्की येतो म्हणालेत. त्या मीटिंगवाल्या पाहुण्यांचं काय ते बघू, पाळकसाहेबांच्या कानावर घातलंय. माळकरी भाऊ गाडीचं जमलं, थँक्यू. अन् घरी आल्यावर पप्पा मम्मीला म्हणतात कसे, हिज्कीयाला अंजीर तरी मिळालं, मला मोसंबीपण नाही.

सिस्टर_संभाजीनगर:
😂 अंजीर देऊ नका हं दादा खायला, त्यात पण पोटॅशियम असतं. राजानं लावलं होतं, खाल्लं नव्हतं.