डेटिंग रिअ‍ॅलिटी शोवर प्रबंध: नेमकं बघायचं काय?

कावेरी_एम:
समाजशास्त्रात एमए करतेय. प्रबंधाला 'लव्ह इज ब्लाइंड'चा पहिला सीझन (२०२०) घेतलाय. मध्ये भिंत ठेवून दहा दिवस बोलायचं, न बघताच मागणी घालायची, मग महिन्याभरात लग्न. गाइड मॅडम म्हणाल्या, "नुसतं बघणं म्हणजे अभ्यास नव्हे." म्हणून समाजशास्त्रज्ञ गॉफमनची मांडणी (१९५९) लावायला गेले: रंगमंचावर माणूस कसा वागतो नि पडद्यामागे कसा. पण इथे पडद्यामागचं काही दिसतच नाही! खरं कुठलं आणि कॅमेऱ्यासाठीचं कुठलं, ठरवू कसं? वहीत निम्म्या नोंदी 'ही खोटं रडतेय' अशाच आहेत.

निवांत_वाचक:
हे बघून मार्क मिळतात?? आम्ही चुकीच्या काळात शिकलो. असो, वाचतोय.

कात्री:
असल्या शोंच्या एडिटमध्ये आठ वर्षं काढलीत (नावं विचारू नका). खरं की खोटं हे आम्हालाही कळायचं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. त्यापेक्षा बोलणाऱ्याचे ओठ दिसतायत का ते बघ. 'मला तो आवडतो' इथवर ओठ दिसतात. मग शॉट जातो समोरच्यावर आणि 'पण विश्वास बसत नाही' हे फक्त ऐकू येतं. तो तुकडा दुसऱ्याच दिवसाचा, दुसऱ्याच कुणाबद्दलचा असू शकतो. आमच्यात याला फ्रँकनबाइट म्हणतात. हेडफोन लावून ऐक, सांध्यावर सूर अधांतरी राहतो.

शोमध्ये सगळे ज्यातून पितात ते सोनेरी पेले बघितलेस ना? आत किती उरलंय दिसत नाही. संध्याकाळचा तुकडा उचलून रात्रीत लावला तरी कंटिन्युइटीची (आधीच्या-नंतरच्या शॉटच्या मेळाची) बोंब होत नाही. मुद्दाम तसे ठेवलेत असं मी म्हणत नाही, पण एडिटरची झोप वाचते.

आणि एकेकटे कॅमेऱ्याशी बोलतात ती जागा पडद्यामागची वाटते, पण तो दुसरा रंगमंच. समोर प्रश्न विचारणारा बसलेला असतो, त्याचा आवाज आम्ही काढतो. म्हणून तर उत्तरात प्रश्न घोळवून बोलायला सांगतात. 'त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं की...' असं आपणहून कोण बोलतं?

रेवा_७:
यात मजुरीचा धागाही धर. विमानातल्या परिचारिकांचं हसणं हा कामाचाच भाग, हे समाजशास्त्रज्ञ हॉकशिल्डबाईंनी १९८३ मध्ये मांडलं. इथे प्रेमात पडणं हेच काम. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने याच शोच्या निर्मात्यांविरुद्ध तक्रार दाखल केली, त्यात स्पर्धकांना कर्मचारी धरलंय. तुझ्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच होतं बघ.

कावेरी_एम:
'खोटं रडतेय' सगळं खोडलं. नवे रकाने पाडले: ओठ दिसतात का, उत्तरात प्रश्न ऐकू येतो का. कात्रीदादा, पाठमोरं रडणं कुठे टाकू?

कात्री:
दादा नाही गं, ताई. वेगळा रकाना कर. हुंदका त्याच शॉटमधला आहे का, ते आधी ऐक.