डेथ व्हॅलीतील खाणींचे अवशेष: सांभाळावेत की वाळवंटाच्या हवाली करावेत?

रानवाट

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात आम्ही डिसेंबरमध्ये चार दिवस होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारी बरीच मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीत तिथे जातात. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या मिठावरून चालायचे, झब्रिस्की पॉइंटवर सूर्योदय पाहायचा, वाळूच्या टेकड्यांवर मुलांना मोकळे सोडायचे आणि परतायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. आम्ही या वेळी मुद्दाम जुन्या खाणींच्या खुणा पाहत फिरलो आणि त्यावरून आमच्यातच एक वाद झाला.

निमित्त असे. उद्यानाच्या सलाईन व्हॅली या भागात १९११ ते १९१३ या काळात मीठ वाहून नेण्यासाठी रज्जुमार्ग उभारला गेला. तो इन्यो डोंगररांग ओलांडून सुमारे २२ किलोमीटर जात असे. एप्रिल २०२४ मध्ये कोणीतरी चिखलात रुतलेली आपली गाडी ओढून काढण्यासाठी त्याच्या एका लाकडी मनोऱ्याला तार बांधली आणि शंभराहून अधिक वर्षे उभा असलेला तो मनोरा आडवा झाला. मी हे सांगितल्यावर आमच्यातील एकजण म्हणाला, "जुने लाकूड पडले, त्यात एवढे काय? आज ना उद्या ते पडणारच होते."

मला हे पटत नाही. फर्नेस क्रीकजवळच्या हार्मनी बोरॅक्स वर्क्सचेच पाहा. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार डाग देताना वापरतो तोच. हा कारखाना १८८३ ते १८८८ अशी जेमतेम पाच वर्षे चालला. चिनी मजूर खोऱ्याच्या तळावरून कापसाच्या बोंडासारखे दिसणारे पांढरे खनिज खरवडून आणत. सोडा घातलेल्या पाण्यात ते उकळून पाणी हौदांत निवत ठेवले, की आत टांगलेल्या लोखंडी गजांवर टाकणखाराचे स्फटिक धरत. उन्हाळ्यात मात्र हौदातले पाणी स्फटिक धरण्याइतके निवतच नसे, म्हणून तेवढे महिने इथले काम थांबवावे लागे. याच फर्नेस क्रीकवर १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, हे प्रत्येक पर्यटक घरूनच पाठ करून येतो. त्या आकड्याचा अर्थ मला मात्र तिथल्या गंजलेल्या बॉयलरपाशी उभे राहिल्यावर कळला. तयार माल पुढे १८ खेचरे आणि २ घोडे जुंपलेल्या गाड्यांतून मोहावीच्या रेल्वे स्थानकापर्यंत जाई. अंतर सुमारे २६५ किलोमीटर, दहा दिवसांची वाट, आणि जनावरांसाठी मागे पाण्याची टाकी जोडलेली.

दुसरी जागा वाइल्डरोझची. डोंगराच्या कुशीत दहा दगडी भट्ट्या एका ओळीत, उपड्या घातलेल्या मडक्यांसारख्या उभ्या आहेत, प्रत्येकीची उंची सुमारे २५ फूट. मोडॉक खाणीतील चांदी आणि शिसे वितळवण्यासाठी लागणारा लाकडी कोळसा १८७७ पासून इथे तयार होत असे आणि तेही फार तर दोन-तीन वर्षे. वाकून आत गेलो, तर पायाखालच्या खड्यांचा आवाज घुमटातून फिरून कानाशी आला. माझ्या मुलीने भिंतीला नाक लावले आणि म्हणाली, "बाबा, चुलीचा वास येतोय." सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा धूर त्या दगडांत अजून आहे. १९७१ मध्ये नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या गवंड्यांनी या भट्ट्यांची डागडुजी केली, म्हणून तो अनुभव आम्हाला घेता आला.

वाळवंटाचे भूरूप आणि तिथे राबलेल्या माणसांच्या खुणा एकत्र पाहिल्या तरच ते खोरे कळते, आणि म्हणून या अवशेषांची डागडुजी हे उद्यानाचे कर्तव्यच आहे, असे माझे मत आहे. तुमचे काय म्हणणे आहे?

कातळ

रानवाट, तुम्ही लिहिलेले मनापासून आवडले, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे.

मी भूशास्त्र शिकले आहे आणि या खोऱ्यात पाच-सहा वेळा गेले आहे. तळाशी बॅडवॉटर आणि नजरेच्या एकाच टप्प्यात ३,३६८ मीटर उंचीचे टेलिस्कोप शिखर, हे दृश्य जमिनीचा एक तुकडा खचत गेल्याने आणि शेजारचा उचलला गेल्याने घडलेले आहे. हिमयुगात इथे मॅनली सरोवर होते, आणि ऑगस्ट २०२३ मधील हिलरी वादळाच्या पावसानंतर बॅडवॉटरच्या मिठावर काही महिने त्याचेच उथळ रूप पुन्हा दिसले. सुमारे १३,६०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात खाणी हा अगदी अल्पजीवी प्रकार आहे. टायटस घळीतील लेडफील्ड हे गाव घ्या. १९२६ मध्ये समभाग विकण्यासाठी त्याची भरमसाट जाहिरात झाली, टपाल कार्यालय उघडले आणि १९२७ मध्ये ते बंदही पडले. आज तिथे पत्र्याच्या दोन-चार खोल्या उरल्या आहेत. गुंतवणूकदारांना भुलवण्यासाठी वसवलेल्या गावाचे पत्रे सार्वजनिक पैशाने का टिकवायचे?

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या खोऱ्याचे मूळ रहिवासी तिंबिशा शोशोनी. त्यांचे नाव ज्या तांबड्या गेरूवरून पडले, तो याच डोंगरांत सापडतो. १८४९-५० च्या हिवाळ्यात सोन्याच्या ओढीने निघालेले काही लोक इथे वाट चुकले, आणि "मृत्यूचे खोरे" हे नाव त्यांच्यामुळे पडले. ज्यांचे ते घर होते, त्यांना कोणी विचारले नाही. १९३६ मध्ये फर्नेस क्रीकला तिंबिशांसाठी मातीच्या कच्च्या विटांची घरे बांधण्यात आली. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, उन्हाळ्यात कुटुंबे थंड डोंगरावर गेली की त्यांच्या रिकाम्या घरांवर उद्यान प्रशासनाने बंबाने पाणी मारले आणि ती विरघळवून टाकली. तुम्ही ज्या हार्मनीच्या भिंतींपाशी उभे होतात, त्याही मातीच्या कच्च्या विटांच्याच आहेत.

तुमच्या वाइल्डरोझच्या भट्ट्यांत जी पिन्यॉन पाइनची झाडे जळाली, त्यांच्या बिया हे तिंबिशांचे हिवाळ्यातील मुख्य अन्न होते. तुमच्या मुलीला आलेला वास त्या झाडांचा आहे. हे अवशेष कोणी पाडू नयेत, चोरू नयेत, त्यांना तारा बांधू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण त्यांना चुना-सिमेंट लावून उभे ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. ते जसे पडतील तसे पडू द्यावेत, आणि पैसा झरे आणि मेस्किट या वाळवंटी झाडाची बने राखण्यासाठी, तिंबिशांना विचारून खर्च करावा.

मानसर

दोघांच्याही लिखाणात खाणीचा आतला भाग कुठेच नाही, म्हणून लिहितो. माझे वडील नागपूर जिल्ह्यातील मँगनीजच्या खाणीत ३१ वर्षे होते. पाळीच्या सुरुवातीला ते लोखंडी सळईने छत ठोकून पाहत. भरीव आवाज आला तर काम सुरू, पोकळ आला तर सगळे मागे. चालू खाणीत हे रोज करावे लागते. शंभर वर्षे बंद असलेल्या खाणीत ते कोण करणार? तिथे लाकडी टेकू कुजलेले असतात, तळात प्राणवायू कमी असतो आणि अंधारात सरळ खाली गेलेला खड्डा दिसतही नाही. छायाचित्रासाठी "जरा दोन पावले आत" जाणारे पर्यटक मी आपल्याकडेही पाहिले आहेत आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा आला आहे.

डेथ व्हॅलीतील कीन वंडर ही सोन्याची खाण याच धोक्यांमुळे २००८ मध्ये लोकांसाठी बंद केली गेली आणि सुरक्षेची कामे झाल्यावर २०१७ मध्येच पुन्हा उघडली. तिथला रज्जुमार्ग सुमारे दीड किलोमीटर लांब आहे. भरलेली पाळणी स्वतःच्या वजनाने खाली येत आणि त्याच ओढीने रिकामी वर जात. हे पाहण्यासारखे आहे, पण बाहेरून. खाणीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे माणसे बाहेर राहतील आणि वटवाघळांना ये-जा करता येईल, कारण आता त्या बोगद्यांची खरी वस्ती तीच आहे. काँक्रीट ओतून तोंड बुजवणे मला तितकेच चुकीचे वाटते. त्यामुळे जपणुकीच्या बाबतीत मी रानवाट यांच्या बाजूने आहे, मात्र "फिरणे" या शब्दाची मर्यादा खाणीच्या तोंडापाशी संपली पाहिजे.

रानवाट

मानसर, तुमची सूचना मान्य. आम्ही कुठल्याही बोगद्यात शिरलो नाही, पण मी ते मूळ लिखाणात स्पष्ट सांगायला हवे होते.

कातळ, बंबाने विरघळवलेल्या घरांविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी ती बाजू पाहिलीच नव्हती. तरीही तुमच्या युक्तिवादातून तुमचा निष्कर्ष निघतो, असे मला वाटत नाही. त्या घरांचे जे झाले तो अन्याय होता, कारण माणसांच्या राहण्याची खूण पुसली गेली. मग दुसऱ्या माणसांच्या खुणा आपोआप पुसल्या जाऊ देणे हा त्यावर उपाय कसा?

आणखी एक गोष्ट. "जसे पडेल तसे पडू द्या" म्हटले तरी सगळे सारख्या वेगाने पडत नाही. आधी माती आणि लाकूड जाते, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, मनोरे, हौदांचे ओटे. भूगर्भात खोदलेले खड्डे आणि मोठ्या कंपन्यांच्या उघड्या खाणी हजारो वर्षे राहतात. डांटेज व्ह्यू या डोंगरमाथ्यावर जाताना बोरॅक्सो खाणीचा प्रचंड खड्डा रस्त्यावरून दिसतो, तो कोणी सांभाळला नाही तरी कुठे जाणार नाही. दिवसाला सुमारे सव्वा डॉलरवर राबलेल्या चिनी मजुरांची नावेसुद्धा त्या खोऱ्यात कुठे लिहिलेली नाहीत. हार्मनीची भिंत गेली, तर त्यांच्याविषयी सांगायला उरेल तो फक्त माहितीचा फलक.

निवडुंग

एक मुद्दा राहून जातो आहे. हे स्थळ फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसने ते खाणकामाला पुन्हा खुले केले. १९७० च्या दशकात शंखजिरे आणि बोरेट (ज्यापासून टाकणखार बनतो ते खनिज) यांच्यासाठी डोंगर उघडे कापले जाऊ लागले, तेव्हा लोकक्षोभ होऊन १९७६ चा कायदा आला आणि खाणींसाठी जमिनीवर नवे दावे सांगणे बंद झाले. शेवटची बिली खाण २००५ पर्यंत चालू होती. म्हणजे ज्याला आपण "अवशेष" म्हणतो आहोत, तो धंदा वीस-एक वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होता. खेचरांच्या गाड्या जपायच्या असतील तर ती कापलेली डोंगरबाजूही त्याच इतिहासाचा भाग म्हणून दाखवावी लागेल. मला तरी फक्त सुंदर दिसणारे तेवढे जपणे अप्रामाणिक वाटते.

कातळ

निवडुंग यांच्याशी सहमत. रानवाट, आधी माती जाते आणि खड्डा उरतो, हा तुमचा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे, आणि भूशास्त्राची विद्यार्थिनी असून तो मला सुचला नाही. त्यामुळे माझी भूमिका थोडी बदलते. हार्मनीच्या भिंतींची डागडुजी व्हावी, पण तिंबिशा वस्तीतील १९३६ ची जी थोडी घरे उरली आहेत, त्यांच्या आधी नव्हे. २००० सालच्या कायद्याने त्यांना फर्नेस क्रीकला सुमारे ३०० एकर जमीन परत मिळाली, ती सुद्धा दीर्घ लढ्यानंतर. पहिला गवंडी तिकडे गेला पाहिजे.

सलाईन व्हॅलीच्या मनोऱ्याबद्दल मात्र मी ठाम आहे. तो नव्या लाकडाने उभारला तर ती १९११ ची खूण राहणार नाही, तिची नक्कल होईल.

रानवाट

क्रमाबाबत माझी काहीच हरकत नाही, तुम्ही म्हणता तोच योग्य आहे. मनोऱ्याबद्दल मात्र माझे मत कायम आहे. जुनीच लाकडे शाबूत असतील तर तीच पुन्हा जोडावीत. मानसर, लाकूड इतक्या कोरड्या हवेत टिकते का?

मानसर

कुजत नाही, पण आक्रसते आणि मग बोल्ट सैल होतात. वडील सांगत, की खाणीवरच्या लाकडी सांगाड्याचे बोल्ट दर पावसाळ्यानंतर आवळावे लागत, नाहीतर सांगाडा आधी एका बाजूला झुकतो. सलाईन व्हॅलीत जे मनोरे अजून उभे आहेत, त्यांच्यासाठी तरी वर्षातून एकदा एक माणूस पाना घेऊन फिरला पाहिजे. कातळ यांनाही याला हरकत नसावी, कारण यात नवे लाकूड लागत नाही.