करी ३७, हॉरफर्ड ३९: २०२५-२६ च्या मोसमात वॉरियर्सकडून किती आशा धरायची? (ऑक्टोबर २०२५, चाहत्यांच्या गप्पा)

रंकाळ्याकाठचा

दिवाळी पाडव्याच्या सकाळी साडेसातला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या NBA बास्केटबॉल लीगमधल्या आपल्या संघाचा, मोसमातला पहिला सामना आहे, लेकर्सविरुद्ध. त्या वेळेला मला कुठं पाठवू नका म्हणून घरी आत्ताच सांगून ठेवलंय. सराव सामने चालू आहेत तोवर मनातलं एकदा मांडतो.

संघाची वयं बघा. स्टेफ करी ३७, जिमी बटलर ३६, ड्रेमंड ग्रीन ३५. त्यात आता बोस्टनहून अल हॉरफर्ड आला, तो ३९ चा. करी आणि ड्रेमंडनं २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार विजेतेपदं मिळवली. पाचवं मिळावं असं मला अगदी आतून वाटतं. पण त्यासाठी साखळीतल्या ८२ पैकी ५० सामने जिंकाच, असा हट्ट मी धरणार नाही. करीला पंधरा-सोळा सामने सरळ बसवा. खेळेल तेव्हा तीस मिनिटांच्या आत ठेवा. गेल्या मोसमात तो ७० सामने खेळला, सरासरी ३२ मिनिटं. या वयात एवढं नको. नंबर सातवा आला तरी चालेल, पण एप्रिलमध्ये प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, सुरू होताना चौघंही धडधाकट पाहिजेत.

मे महिन्यातला तो सामना अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दुसरी फेरी, मिनेसोटाविरुद्ध पहिला सामना. मी दुकानाचं शटर अर्धं उघडून आत स्टुलावर बसून बघत होतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये करीचा हात डाव्या मांडीच्या मागं गेला आणि त्याची चालच बदलली. १३ गुण झाले होते त्याचे. तो सामना बाकीच्यांनी ९९-८८ असा काढला, पण करी त्या मालिकेत परत आला नाही आणि पुढचे चारही सामने गेले. बाहेरून गिऱ्हाईक हाक मारत होतं आणि मला उठवत नव्हतं.

२०१४ चं सॅन अँटोनियो आठवा. मोसम सुरू झाला तेव्हा टिम डंकन ३७ चा, जिनोबिली ३६ चा. प्रशिक्षक पॉपोविच यांनी मोसमभर एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर जाऊ दिली नाही. जूनमध्ये मायामीला ४-१ हरवून विजेतेपद घेतलं. आपले प्रशिक्षक स्टीव्ह कर याच पॉपोविच यांच्या हाताखाली खेळलेत. त्यांना हे माहीत आहे, फक्त त्यांनी मन घट्ट केलं पाहिजे.

पेठेतला डिफेंडर

भावा, तुझं प्रेम कळतंय, पण हिशेब चुकतोय.

लीगचे वेस्ट आणि ईस्ट असे दोन गट (कॉन्फरन्स) आहेत, आपण वेस्टमध्ये. गेल्या मोसमात वेस्टमध्ये ह्यूस्टन ५२ विजयांवर दुसरं आलं. लेकर्स, डेन्व्हर, क्लिपर्स प्रत्येकी ५०. मिनेसोटा ४९. वॉरियर्स ४८, म्हणजे सातवे. दुसऱ्या आणि सातव्या नंबरात चार सामन्यांचा फरक! आणि तू पंधरा सामने करीला बसवणार.

आता सातव्या नंबरानं काय केलं ते बघ. साखळीच्या शेवटच्या दिवशी क्लिपर्सशी ओव्हरटाइममध्ये हरले आणि प्ले-इनमध्ये गेले, म्हणजे सातव्या ते दहाव्या नंबरांना प्लेऑफमध्ये शिरायला खेळावे लागणारे जादा सामने. मेम्फिसविरुद्ध एक सामना जादाचा पडला, तो जिंकायला बटलरला ३८ आणि करीला ३७ गुण करावे लागले. मग समोर दुसऱ्या नंबरचं ह्यूस्टन, सगळी तरणी पोरं, अंगावर येऊन खेळणारी. दुसऱ्याच सामन्यात बटलर हवेतून खाली आला तो कमरेवर, तिसरा सामना त्याला खेळता आला नाही. मालिका सात सामन्यांपर्यंत गेली. सातवा सामना ४ मे, ह्यूस्टनमध्ये. मिनेसोटाशी पहिला ६ मे. मधे एक दिवस, त्यात प्रवास. सांग की आता, करीची मांडी नोव्हेंबरातल्या मिनिटांनी गेली का सातव्या नंबरानं?

पेठेच्या फुटबॉलमध्ये आपण लहानपणापासून हेच बघत आलोय. साखळीत सुरुवातीला गुण सोडले की शेवटी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांच्या निकालाकडं डोळे लावावे लागतात.

आणि तुझ्या सॅन अँटोनियोनं त्या मोसमात ६२ सामने जिंकले होते, अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर. २०११ चं डॅलस घे. किड ३८ चा झालेला, नोवित्स्की ३२, तरी साखळीत ५७ विजय. दोन्ही वयस्क संघांनी आधी साखळीत काम केलं, म्हणून प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर सुरुवात मिळाली.

तालमीतला

मी बास्केटबॉल उशिरा बघायला लागलो, पोराच्या नादानं. पण उतरत्या वयात ताकद कशी वापरायची ते तालमीत बघितलंय.

आमचे वस्ताद पन्नाशी पार केलेले. पहाटे हौद्यात उतरायचे ते एकाच पठ्ठ्याबरोबर. पोरगं विशीतलं, अंगानं दुप्पट. वस्ताद त्याचं मनगट धरायचे, कपाळ त्याच्या खांद्याला टेकवायचे आणि थांबायचे. पोरगं ढकलणार, ओढणार, झटके देणार. वस्तादांचे पाय मातीतनं हलायचे न्हाईत. पाचेक मिनिटांत पोराचाच दम जायचा. मग एक पाऊल आत, पट काढला, पोरगं खाली. लगेच दुसरा पठ्ठ्या लांग कसून पुढं यायचा, तर वस्ताद कपाळाची माती पुसून बाहेर. कितीबी आग्रह करा, दुसरी लढत न्हाई.

ड्रेमंडला बघताना मला तेच दिसतं. साडेसहा फुटी माणूस सात फुटी सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच गड्याला, अडवतो, उडी मारून न्हवं, आधीच जागा धरून. हॉरफर्डपण त्याच जातीचा. शिवाय तो लांबून थ्री, म्हणजे तीन गुणांचा बॉल, टाकतो, म्हणजे समोरच्या सेंटरला बास्केट सोडून बाहेर यावं लागतं आणि करीला, बटलरला आत रस्ता मोकळा होतो. हे दोघं मिळून एक काम वाटून घेतील तर लई फायदा. पण सलग दोन रात्री दोघांनाबी उतरवू नका. या बाबतीत मी रंकाळ्याकाठच्या भावाच्या बाजूनं.

लेकर्सवाला

आमच्या लेब्रनचं वय ४०, हा त्याचा २३ वा मोसम, आणि सायटिकामुळं पाडव्याच्या सामन्यात तो नाहीच. मोसम सुरू व्हायच्या आधीच शरीर बोलायला लागतं. डिफेंडर भाऊ, हिशेब कागदावर बरोबर आहे, पण कंबर कागद वाचत नाही.

कोर्टवरची ताई

तुम्ही सगळे करीच्या मिनिटांवर भांडताय. तो बसेल तेव्हा खेळणार कोण, ते कुणी बोललं नाही.

या संघानं २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या नंबरवर जेम्स वाइजमनला घेतलं. २०२१ मध्ये सातवा कुमिंगा आणि चौदावा मूडी. जुने खेळाडू जिंकत राहतील, त्यांच्या हाताखाली नवे तयार होतील, असा बेत होता. वाइजमन २०२३ मध्ये गेला. कुमिंगा आता २३ चा झाला, त्याचा करार अख्खा उन्हाळा लोंबकळत राहून सप्टेंबरच्या शेवटी झाला. याच कुमिंगाला एप्रिलमध्ये मेम्फिसविरुद्ध एक मिनिटसुद्धा दिलं नव्हतं. करी गेल्यावर मिनेसोटाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात त्यानंच ३० गुण केले. ज्याला महिनाभर बाकावर ठेवलं, त्याच्याकडं एकदम घर सांभाळायला द्यायचं, हे कसं चालेल?

मी स्वतः यातून गेले आहे. आमच्या क्लबच्या मुलींच्या संघात आम्ही तिघी पस्तिशीच्या पुढच्या. प्रत्येक स्पर्धेत आम्हीच सुरुवात करायचो आणि आम्हीच शेवट करायचो, कारण जिंकत होतो. एकोणीस वर्षांची एक डावखुरी गार्ड होती. दर टाइमआऊटला ती आम्हाला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायची आणि परत जाऊन बसायची, बुटांच्या नाड्या मात्र कायम घट्ट बांधलेल्या. दोन मोसम तिनं वाट बघितली, मग यायची थांबली. त्याच्या पुढच्या वर्षी माझा गुडघा गेला, दुसरीची बदली झाली आणि संघच उरला नाही. ते मला अजून लागतं. आम्ही ठरवून दहा-दहा मिनिटं बसलो असतो तर ती मुलगी टिकली असती.

सॅन अँटोनियोचं उदाहरण दोघांनीही दिलंत. त्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू कावाय लेनर्ड होता, २२ वर्षांचा. डंकनची मिनिटं वाचली ती लेनर्डला मिळाली म्हणून.

आणि माझी खरी भीती फेब्रुवारीची आहे, तेव्हा खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. संघ अडखळला की तरुण खेळाडू आणि पुढचे ड्राफ्ट हक्क देऊन आणखी एक वय झालेलं मोठं नाव आणतील. २०१३ मध्ये ब्रुकलिननं ३७ वर्षांच्या गार्नेटसाठी आणि ३५ वर्षांच्या पिअर्ससाठी बोस्टनला पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकले. मिळालं काय, ४४ विजय आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून ४-१ हार. त्याच हक्कांतून बोस्टनला पुढं जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ चं विजेतेपद. आपला हॉरफर्ड तेव्हा त्या दोघांबरोबरच होता.

रंकाळ्याकाठचा

ताई, नाड्यांचं वाचून थांबलो जरा वेळ.

डिफेंडर, सातवा चालेल म्हणालो ते मागं घेतो. प्ले-इनचा तो सामना आणि मधला एक दिवस मी धरलाच नव्हता. सहावा तरी पाहिजे. पण करीला बसवायचं मी सोडत नाही. गेल्या मोसमात बटलर यायच्या आधी २५ विजय, २६ हार होत्या. तो आल्यावर २३ विजय, ८ हार. यंदा तो पहिल्या दिवसापासून आहे, म्हणजे विश्रांतीला जागा आहे. नियमही आपल्या बाजूनं आहे. एरवी स्टार खेळाडूला उगीच बसवलं तर लीग दंड करते, पण मोसमाच्या सुरुवातीला ज्याचं वय ३५ झालंय त्याला सलग दोन दिवसांच्या सामन्यांपैकी एकात बसवायला आधी परवानगी मागता येते. करी, बटलर, ड्रेमंड, हॉरफर्ड चौघंही त्यात बसतात. आणि त्या रात्री कुमिंगा, मूडी आणि पॉझेम्स्कीला पस्तीस मिनिटं द्या, चुकले तरी काढू नका. ताईंचं म्हणणं मला इथंच पटतं.

पहिली परीक्षा लगेच आहे. शुक्रवारी सकाळी डेन्व्हर घरच्या मैदानावर आणि शनिवारी सकाळी पोर्टलँड त्यांच्याकडं. शनिवारी करी बाकावर साध्या कपड्यांत दिसला तर मी समाधानानं दुकान उघडीन.

पेठेतला डिफेंडर

सहाव्यावर आलास, बरं वाटलं. पण पोर्टलँडला बसवू नको. पोर्टलँड वेस्टमधलं आहे. दोन संघ बरोबरीत आले की आपसातले सामने आणि कॉन्फरन्समधली कामगिरी बघतात. गेल्या वर्षी पोर्टलँडनं ३६ सामने जिंकले, हा जिंकायचाच सामना आहे. करीला बसवायचं तर ईस्टच्या दौऱ्यात बसव, तिथं मी एक शब्द बोलणार नाही. मोसमाच्या पहिल्या आठवड्यातच विश्रांती म्हटलं तर पोरांना काय वाटेल?

कोर्टवरची ताई

पोरांना वाटेल की आपल्यावर विश्वास आहे.

तालमीतला

आधी शुक्रवार बघा. डेन्व्हरचा योकिच म्हणजे हलवायला डोंगर. त्याला अडवण्यात ड्रेमंड आणि हॉरफर्डचं किती अंग मोडतंय, चौथ्या क्वार्टरमध्ये दोघं परत पळत येतात का चालत येतात, तेवढं बघून ठेवा. मी पोराला घेऊन बसतोय, साडेसातला.