आम्ही दोन्ही बाजूंचा तीव्र निषेध करतो

ओसरीवरचा

परवा बातम्यांत पुन्हा तेच ऐकलं. कुठे तरी शस्त्रसंधी मोडली, कुठे तरी बाजारात बॉम्ब पडला, आणि कोटातला एक माणूस माइकसमोर येऊन म्हणाला, "नागरिकांवरील हिंसाचाराचा तीव्र निषेध, दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा." टीव्ही बंद केला.

हे वाक्य मी कान देऊन पहिल्यांदा ऐकलं ते 2006 साली, कोलंबोत. कंपनीने दीड वर्षासाठी पाठवलं होतं. वेल्लवट्टेला एका तमिळ कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. घरमालक काका आणि काकू दोघेही कामाला पेट्ट्यात (नावावरून ओळखलंच असेल, बाजारपेठ) जायचे. वाट एकच, वेळ एकच, पण बस कधीच एक नाही. काका पुढच्या बसने, काकू मागून येणाऱ्या बसने. मला वाटलं, भांडण असेल. महिन्याभराने कळलं: बसमध्ये स्फोट झाला तर शाळकरी मुलाला दोघांपैकी एक तरी उरावं. बाकीही बरीच घरं असंच करायची. आणि कागदावर तेव्हा देशात शस्त्रसंधी होती!

हा करार 22 फेब्रुवारी 2002 चा. एकीकडे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे, दुसरीकडे 'तमिळ वाघ' (एलटीटीई) या बंडखोर संघटनेचा प्रभाकरन, मध्ये नॉर्वे. देखरेखीला पाच नॉर्डिक देशांचे निरीक्षक. त्यांनी प्रामाणिकपणे वही ठेवली. पहिल्या पाच वर्षांचा हिशोब असा: वाघांकडून 3,830 उल्लंघनं, सरकारी फौजांकडून 351. सरकारवाले हा आकडा झेंड्यासारखा नाचवायचे. पण वही वाचायची कशी? वाघांच्या खात्यावर पोरं पळवून भरती केल्याच्या नोंदी ढिगाने. एक पोर, एक नोंद. विमानातून बॉम्ब पडले तरी तीही नोंदच. तराजू नव्हताच, नुसती मोजणी.

तर माझं म्हणणं एवढंच. निषेध फुकट असतो याचा मला राग नाही. 'दोन्ही बाजू' म्हटलं की कुणालाच काही लागत नाही, राग त्याचा आहे. नाव, गाव, तारीख घेऊन बोला, नाहीतर सरळ गप्प बसा. मंडळींना काय वाटतं?

तिरकस

नाव घेऊन बोलल्यावर काय होतं तेही ऐका मग. 2006 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने वाघांचं थेट नाव घेतलं, दहशतवादी यादीत टाकलं. अगदी तुम्हाला हवं तस्सं. वाघांनी काय केलं? ज्यांच्या देशांनी आम्हाला यादीत टाकलं त्यांचे निरीक्षक इथे नकोत म्हणाले. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क गेले घरी. उरले नॉर्वे आणि आइसलंड, म्हणजे साठेक माणसांतली वीसेक. आणि हे कधी, तर मारामारी सर्वात जास्त पेटली होती तेव्हा. निषेध कडक झाला आणि वही ठेवणाराच गेला. घ्या नाव!

नर्मदेतला गोटा

चहा ठेवलाय. चालू द्या.

मेघना_ठाणे

तिरकस, अर्धीच गोष्ट सांगितलीत. मुत्तूर आठवतंय का? 4 ऑगस्ट 2006. फ्रान्सच्या 'भुकेविरुद्ध कृती' या मदतसंस्थेचे 17 स्थानिक कर्मचारी, सोळा तमिळ, एक मुस्लिम. त्सुनामीनंतरच्या मदतीचं काम करणारी माणसं. त्यांच्या कार्यालयाच्याच आवारात त्यांना गोळ्या घातल्या. प्रेतं सापडली ती पालथी, अंगात संस्थेचे टीशर्ट. सरकार म्हणालं वाघांनी केलं. निरीक्षक पथकाचे प्रमुख होते स्वीडनचे उल्फ हेन्रिक्सन. पदावरून जाता जाता त्यांनी लेखी निर्वाळा दिला की हे सुरक्षा दलांचं काम.

शिक्षा आजवर कुणालाही नाही, मान्य. सरकारने नेमलेल्या आयोगाने लष्कराला निर्दोषही म्हटलं. पण त्या एका कागदामुळे 'वाघांनीच केलं' हे इतिहासात पक्कं होऊ शकलं नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना हे कमी वाटत असेल असं तुम्ही इथे बसून ठरवू नका.

निवृत्त सुभेदार

चर्चा चांगली आहे, पण सगळेच वरून खाली बघताय. मी नियंत्रण रेषेवर दोन वेळा होतो. 2020 या एका वर्षात पाकिस्तानकडून 5,133 उल्लंघनं झाली, संसदेत दिलेला आकडा आहे हा. किती देशांनी निषेध केला? केला असेल कुणी, आमच्या बंकरात ऐकू आला नाही. मग 25 फेब्रुवारी 2021 ला दोन्हीकडच्या डीजीएमओंचं (लष्करी कारवायांचे प्रमुख) संयुक्त निवेदन आलं आणि तोफा एकदम गप्प. तिकडच्या गावांत लोक पुन्हा कुंपणाजवळची शेतं करायला लागले. चार वर्षं टिकलं ते. का? तर त्या वेळी दोघांनाही ते हवं होतं. नको झालं तेव्हा 2025 साली मोडलं. तिसऱ्याच्या बोलण्याने काही होत नाही.

अर्धवट वकील

सुभेदार साहेब, सलाम. पण 'तिसऱ्याच्या बोलण्याने काही होत नाही' हे सरसकट नाही पटत. बोस्नियातलं सारायेवो घ्या, सर्ब फौजांनी वेढलेलं. 5 फेब्रुवारी 1994, मार्काले बाजार, एक तोफगोळा, 68 माणसं मेली. त्याआधी दोन वर्षं निषेधांचा पाऊस चालूच होता. या वेळी नाटोने तारीख दिली: दहा दिवसांत जड तोफा शहरापासून वीस किलोमीटर मागे न्या, नाहीतर विमानं येतील. तोफा गेल्या की नाही मागे? पुढचे काही महिने शहराला श्वास मिळाला.

आणि उलटंही तिथेच. स्रेब्रेनित्साला 1993 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून 'सुरक्षित क्षेत्र' केलं. नाव सुरक्षित, रक्षणाला हलक्या शस्त्रांचे काहीशे डच सैनिक. जुलै 1995 मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले. म्हणजे निषेधामागे कोण उभं आहे हे समोरचा बरोबर ओळखतो.

तिरकस

वकीलसाहेब, म्हणजे तुम्हाला निषेध नको, विमानं हवीत. तसं स्पष्ट म्हणा. आणि विमानं कुणाची, कुणावर, हे कोण ठरवणार? 2011 मध्ये लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठीच गेली होती ना? त्यानंतरचा लिबिया बघितलाय?

अर्धवट वकील

नाही हो, तोंडात शब्द नका घालू. बरं, विमानं सोडा, कोलंबोतलंच सांगतो, ओसरीवरच्यांना आठवत असेल. 7 जून 2007 च्या पहाटे पोलिसांनी वेल्लवट्टे, पेट्टा या भागांतल्या लॉजमधून साडेतीनशेच्या वर तमिळ माणसं उठवली, बसमध्ये कोंबली आणि वव्हुनियाच्या दिशेने पाठवून दिली. कारण काय, तर 'राजधानीत राहायला सबळ कारण नाही'. बाहेरच्या जगाने निषेध केलाच. पण थांबवलं कुणी? तिथल्याच एका संस्थेने अर्ज केला आणि तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी मनाई दिली. पुढे पंतप्रधानांना खेद व्यक्त करावा लागला. मला वाटतं बाहेरच्या आवाजाचा उपयोग असेल तर हाच, आतल्या अर्ज करणाऱ्याला थोडं बळ येतं.

ओसरीवरचा

आठवतंय तर! आमच्या गल्लीच्या टोकाचा लॉज दुसऱ्या दिवशी रिकामा होता, दोरीवर एक लुंगी तशीच वाळत पडलेली. काकूंनी त्या आठवड्यात पोलीस नोंदणीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला, तो मी तिथून निघेपर्यंत पर्समध्येच होता.

पण मूळ मुद्दा सुटतोय. 16 जानेवारी 2008 ला करार अधिकृतपणे संपला. त्याच दिवशी बुत्तला इथे प्रवासी बस उडवली, दोन डझनांवर माणसं गेली. सप्टेंबरात सरकारने सांगितलं की आता किलिनोच्चीत (वाघांचं मुख्य ठाणं) तुमच्या सुरक्षेची हमी नाही, आणि संयुक्त राष्ट्रांचे लोक निघाले. तिथली माणसं त्यांच्या फाटकाशी जमली होती, जाऊ नका म्हणत. रिकाम्या हातांनी कुणाला थांबवणार? गाड्या गेल्या. त्यानंतर आत काय चाललंय हे मोजायला बाहेरचं जवळजवळ कुणी उरलं नाही. 2009 च्या जानेवारीपासून सरकारने 'गोळीबारमुक्त क्षेत्रं' जाहीर केली, एकापाठोपाठ एक, दर वेळी आधीपेक्षा लहान. लोक तिथे गेले आणि तोफगोळेही तिथेच गेले. दवाखान्यांचं ठिकाण नकाशावर नेमकं कळवलेलं होतं, म्हणजे चुकून लागू नये म्हणून.

आणि आता हे ऐका. संयुक्त राष्ट्रांचे कोलंबोतले लोक मृतांची मोजणी करत होते. मे च्या मध्यापर्यंत हजारोंचा आकडा त्यांच्या हाती होता. जाहीर केला नाही. खात्री पुरेशी नाही, सरकार दुखावेल, आत मदत जाऊ देणार नाही, वगैरे. सुरक्षा परिषदेने पहिलं निवेदन काढलं 13 मेला, तेही पत्रकारांसाठीचं. 18 मेला युद्ध संपलं. 2012 साली त्यांच्याच अंतर्गत अहवालाने याला व्यवस्थेचं अपयश म्हटलं. म्हणजे नाव-गाव-तारीख सगळं खिशात असताना 'दोन्ही बाजूंनी संयम' चाललं होतं. मी चिडतो ते यावर.

निवृत्त सुभेदार

वाघांबद्दल एक ओळ तरी लिहा की! त्यांनी तीन लाखांच्या आसपास माणसं आपल्याबरोबर ओढत नेली, ढाल म्हणून. जे पळायला निघाले त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे सरकार नाही म्हणत, संयुक्त राष्ट्रांचाच 2011 चा अहवाल म्हणतो. 15 जून 2006 ला केबितिगोल्लेवाला साध्या प्रवासी बसवर सुरुंगाचा स्फोट करून साठाच्या वर माणसं मारली, त्यात लहान मुलं. हे ज्यांनी केलं त्यांच्याशी लढणाऱ्या फौजेला तुम्ही तराजूत एकाच पारड्यात घालणार?

मी स्वतः 1987 ला भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलो होतो. शांतता राखायला म्हणून गेलो आणि तीन महिन्यांत लढाईत. बाराशेच्या आसपास परत आले नाहीत. मेजर रामस्वामी परमेश्वरन, 8 महार, जन्म मुंबईचा. 25 नोव्हेंबरला छातीत गोळी लागलेली असताना लढले. परमवीरचक्र मिळालं. त्यांच्यासाठी कोणत्या देशाने निषेध केला?

मेघना_ठाणे

सुभेदार काका, आदर ठेवून विचारते. त्याच अहवालात सरकारी तोफांनीच बहुतेक नागरिक मेले असंही आहे, आणि चाळीस हजारांपर्यंत मृत्यू झाले असू शकतात असंही. वाघांचं पान तेवढं फाडून घ्यायचं आणि बाकीचं ठेवायचं, असं कसं?

आणि शांतिसेनेचा विषय काढलातच तर, 21 ऑक्टोबर 1987, ऐन दिवाळीत, जाफनाचं सरकारी रुग्णालय. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठ-सत्तर माणसं. आपल्याच सैनिकांवर आरोप आहे. आपण कुणाचा निषेध केला तेव्हा?

नर्मदेतला गोटा

चहा गार झाला.

निवृत्त सुभेदार

मेघनाताई, त्या दिवशी मी पलालीच्या तळावर होतो, वायरलेसवर. रुग्णालयातून आधी गोळीबार आला असं आम्हाला सांगितलं गेलं. आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्याची साक्ष देत नाही, तुमच्या बाजूनेही नाही आणि आमच्याही नाही. त्या वर्षी दिवाळीचा फराळ पलालीला उशिरा पोचला होता, डबे उघडले पण कुणी फारसं खाल्लं नाही. का ते त्या वेळी कुणी बोललं नाही.

चौकशी व्हायला हवी होती. एवढं लिहितो.

तिरकस

सुभेदार, हे लिहायला छाती लागते.

बाकी, निषेधवाल्यांसाठी शेवटचं दान टाकतो. युद्ध संपून दहा दिवस झाले नाहीत तोवर जिनेव्हात मानवाधिकार परिषदेचा ठराव झाला, 29 विरुद्ध 12. निषेध? छे, श्रीलंकेचं कौतुकच जास्त. बाजूने मत देणाऱ्यांत आपण! 2012 ला आपणच श्रीलंकेच्या विरोधात मत दिलं, 2014 ला तटस्थ. आतल्या तमिळ राजकारणाचा वारा बघून. मार्च 2025 मध्ये ब्रिटनने तीन माजी सेनाधिकारी आणि एके काळचा वाघ करुणा अशा चौघांवर निर्बंध लावले. सोळा वर्षांनी! शिक्षा काय, तर लंडनला जाता येणार नाही, आणि तिथे पैसे असतील तर गोठतील.

मेघना_ठाणे

त्या चौघांची नावं कुठून आली असतील असं वाटतं तुम्हाला? कुणी तरी तेव्हा लिहून ठेवलं म्हणूनच ना?

तिरकस

हं. गुण एक, तुम्हाला.

अर्धवट वकील

अवांतर: ओसरीवरचे, त्या काका-काकूंचं पुढे काय झालं?

ओसरीवरचा

ठीक आहेत. मुलगा टोरांटोला असतो. 2010 मध्ये कामानिमित्त परत गेलो तेव्हा एका संध्याकाळी दोघांबरोबर गॉल रोडवर थांब्यावर उभा होतो. बस आली, आम्ही तिघेही चढलो. काका पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसले, काकू शेवटच्या बाकावर. मी मधे उभा.