गारेगार पीच, बेरी आणि फ्रीजमधले उद्योग : आपापले अनुभव लिहा

निशिगंधा
काल पिशवीतले पीच ओट्यावर काढून ठेवले आणि जरा वेळानं स्वयंपाकघरभर तो वास. एकदम आत्याच आठवली. सुट्टीत तिच्याकडे गेलो की दुपारची जेवणं उरकल्यावर ती फ्रीजमधून काचेचं मोठं भांडं काढायची. पाकात मुरलेल्या पीचच्या फोडी, वर लाल-काळ्या बेरी आणि बाजूला वाटीत घट्ट क्रीम. भांड्याला बाहेरून दव धरलेलं असायचं, त्यावर आम्ही बोटानं नावं गिरवायचो. फोडी मोजून मिळायच्या. पाक हवा तेवढा. खरी मजा पाकातच होती, पण ते आम्ही मोठ्यांना कधी सांगितलं नाही.

आत्याची करामत सालात होती. पीचला बुडाशी सुरीनं फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचं. साल बोटानं ओढली की अख्खी निघते. ती सालं फेकायची नाहीत, पाकात टाकून मंद उकळायची आणि गाळून घ्यायची. पाकाला तो फिका गुलाबी रंग सालांमुळे येतो. मी पण तसंच करते. फोडींवर लगेच लिंबू पिळते, नाहीतर तपकिरी पडतात. फोडी कोमट पाकात, पण बेरी मात्र पाक पूर्ण गार झाल्यावरच. आधी घातल्या तर सगळ्याचा लगदा आणि रंग जांभळा.

तुम्ही काय काय करता? जमलेलं, फसलेलं, जावेकडून ढापलेलं, सगळं येऊ द्या.

खादाड_बोका
तोंडाला पाणी सुटलं! फोटो?

निशिगंधा
@बोका, फोटो काढायला उरलं तर ना.

मंदार_ज
कडक पीच फ्रीजमध्ये ठेवू नका. बाकी काहीही करा. पिकायच्या आधी 2 ते 8 अंशांच्या गारव्यात गेलं की आतून पिठूळ होतं, रस नाही, वास नाही, आणि नंतर बाहेर काढून ठेवलं तरी सुधारत नाही. कागदी पिशवीत घालून ओट्यावर ठेवा. घाई असेल तर सोबत एक केळं. देठाजवळ दाबून बघा, किंचित दबलं आणि वास आला की झालं. मग फ्रीजमध्ये गेलं तर हरकत नाही. आमच्याकडे आणलेली प्रत्येक गोष्ट थेट फ्रीजमध्ये ढकलायची पद्धत आहे (नाव घेत नाही, ती पण इथे वाचते).

मंदारची_ती
वाचलं. घरी या.

खादाड_बोका
हसून हसून पुरेवाट

शर्वाणी
स्ट्रॉबेरी पण अशा पिकतात का पिशवीत? बऱ्याच पांढरट निघाल्यात.

मंदार_ज
@शर्वाणी नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, थोडी लाल होईल पण गोड होणार नाही. चिरून साखर लावून अर्धा तास ठेव, रस सुटेल, तो पाकात वापर. आणि हो, बेरी धुवायच्या खायच्या वेळीच. ओल्या ठेवल्या की दुसऱ्या दिवशी बुरशी.

चिऊची_आई
मला कोणी सांगेल का जेली का नाही जमत. पीच बेरी आणि वरून किवी अशी केली होती लेकीच्या वाढदिवसाला, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पण सरबतच. जिलेटीन जुनं असेल का

अपर्णा_कु
@चिऊची_आई जिलेटीन बिचारं निर्दोष आहे, किवी गुन्हेगार. ताज्या किवीत, अननसात आणि पपईत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात आणि जिलेटीन म्हणजे प्रथिनच. ते धरूच देत नाहीत. पीच आणि बेरींचा तसला त्रास नाही. किवी हवंच असेल तर फोडी आधी उकळून घे, उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस चालतो तो त्याचमुळे.

नाहीतर अगर (समुद्री शेवाळापासून केलेली जेलीची पावडर) वापर, त्याला हे काही बाधत नाही. पण त्याची तऱ्हा वेगळी. जिलेटीन गार पाण्यात भिजवून हलक्या आचेवर विरघळवायचं, उकळायचं नाही. अगर पावडर उकळायलाच लागते, दोन मिनिटं तरी. अर्ध्या लिटरला 4 ग्रॅमच्या आसपास घेते मी. आंबट रसात फार उकळली तर पकड ढिली पडते, म्हणून साध्या पाण्यात उकळायची आणि मग फळाचा गर मिसळायचा. गर फ्रीजमधला गार घेऊ नकोस. अगर 40 अंशांच्या आतबाहेर धरायला लागतं, गार गर पडला की पातेल्यातच दाणे दाणे. गर नुसता कोमट करून घातला की काचेसारखी सपाट जेली होते, सुरीनं चौकोन कापता येतात. तोंडात मात्र जिलेटीनसारखी विरघळत नाही, चावावी लागते. आमच्या सासऱ्यांना चावायची आवडते, मुलांना नाही. मी दोन्ही करते, काय करणार.

चिऊची_आई
अगं धन्स!! मी दुकानदाराला उगाच बोलून आले

विलासकाका
पीच मेल्बा कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऑगस्त एस्कॉफिए हा फ्रेंच आचारी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होता, तेव्हा 1890 च्या दशकात त्यानं नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेसाठी हे केलं. बर्फात कोरलेल्या हंसाच्या पाठीवर व्हॅनिला आइस्क्रीम, त्यावर पीच. रासबेरीचा गर नंतर आला, आणि आता त्याच्याशिवाय मेल्बा म्हणतच नाहीत. बाईंचं मूळ नाव हेलन पोर्टर मिचेल. मेलबर्नवरून मेल्बा घेतलं. मेल्बा टोस्टही त्यांच्याच नावाचा. एकीकडे आइस्क्रीम, दुसरीकडे कोरडा टोस्ट, म्हणजे पथ्यपाण्याचीही सोय.

मी निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात शिरलो. मेल्बा करतो ते पीच अर्धे करून पाकात फक्त मऊ होईपर्यंत ठेवतो, सुरीचं टोक सहज गेलं की गॅस बंद, आणि गार होऊ देतो पाकातच. रासबेरी कच्चीच चाळणीवर चमच्यानं घासतो. बिया वर राहतात, खाली मखमली रस. त्यात पिठीसाखर, थेंबभर लिंबू. शिजवत नाही, शिजवला की मुरंब्याचा वास येतो. सौ. म्हणतात तुम्ही भांडी किती काढता. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अपर्णा_कु
काका हंस करा आता!

विलासकाका
फ्रीझरमध्ये मटार आहेत. हंसाला जागा नाही.

ऋचा_पी
मग पावलोवा केक पण त्यातलंच. आना पावलोवा बॅलेवाली, 1926 ला ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड दोन्हीकडे गेलेली, आणि केक आमचा म्हणून दोघांची भांडणं अजून चालूयेत. मी घरी करत नाही, अंड्याचं पांढरं फेटून दंड भरून येतात. विकतचं मेरांग (त्याच पांढऱ्याचा साखर घालून भाजलेला कुरकुरीत फेस) चुरते, क्रीम आणि स्ट्रॉबेरीत ढकलते, झालं. इंग्रज त्याला ईटन मेस म्हणतात. मेस तर माझं सगळंच असतं. फक्त वाढायच्या पाच मिनिटं आधी मिसळा, मेरांग पाणी पितं आणि चिकट होतं

सुलभा_ताई
क्रीम फेटताना पातेलं आणि फेटणी आधी फ्रीझरमध्ये. 35 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश नसेल तर कितीही फेटा, फुलत नाही. मी आता क्रीम सोडूनच दिलं, डॉक्टर ओरडतात. दही रात्रभर फडक्यात टांगते, सकाळी त्यात मध आणि पीचचा गर. माझ्या गुडघ्यांचं काय विचारू नका, जिने चढवत नाहीत. कोणाला चांगला व्यायाम माहीत असेल तर सांगा.

चिऊची_आई
सुलभाताई हे दही मध वालं दहा महिन्यांच्या बाळाला चालेल का, धाकटा सारखा वाटीत हात घालतो

सुलभा_ताई
मध नको गं!! एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट्युलिझमचा (एक गंभीर विषबाधा) धोका असतो. तू नुसता पिकलेल्या पीचचा गर दह्यात घाल. आणि ब्लूबेरी अख्खी देऊ नको, घशात अडकते. चिरडून किंवा चार तुकडे करून.

प्राजक्त_
मला पीच खाल्लं की ओठाला आणि घशाला खाज सुटते :( तुम्ही सगळे इतकं छान लिहिताय

अपर्णा_कु
@प्राजक्त बर्च झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना असं होतं बरेचदा, शरीराची ओळखण्यात गल्लत. काही जणांना शिजवलेलं पीच चालतं. पण स्वतःवर प्रयोग नको, आधी डॉक्टर. सूज किंवा धाप असेल तर तर नकोच.

प्राजक्त_
बेरी चालतात. मी बेरी गटात.

खादाड_बोका
सॉर्बेवर (दूध-क्रीम नसलेलं फळांचं आइस्क्रीम) कोणी बोला. मशीन नाही. माझा दगड होतो, मित्राचा सरबत.

विलासकाका
साखरेचा खेळ आहे. साखर गोठणबिंदू खाली आणते. कमी पडली तर दगड, जास्त झाली तर धरतच नाही. एकूण मिश्रणाच्या पाव भागापासून तीस टक्क्यांपर्यंत साखर, फळातली धरून. वजनकाटा नसेल तर जुनी युक्ती : अख्खं अंडं स्वच्छ धुऊन मिश्रणात सोडायचं. बुडालं तर साखर कमी. वर नाण्याएवढा भाग कोरडा दिसला की बरोबर. त्याहून जास्त वर आलं तर पाणी घाला.

दुसरं म्हणजे गारव्यात जिभेला गोडी कमी कळते. गोठवण्याआधी चाखून "अरे, जरा जास्तच गोड झालं" असं वाटलं पाहिजे.

ऋचा_पी
@बोका मशीन नाही तर ग्रानिता कर. दगडच व्हायचाय त्याला. पसरट ट्रेमध्ये ओत, अर्ध्या अर्ध्या तासानं काट्यानं खरवड. सिसिलीत ब्रेडसोबत नाश्त्याला खातात, म्हणजे सकाळी खायलाही परवानगी

खादाड_बोका
परवानगी कोणी मागितली होती

शर्वाणी
गोठवलेल्या बेरी घेतल्या तर चालतील का या सगळ्याला? ताज्या फार नाजूक, पोचेपर्यंत निम्म्या चेंगरतात.

निशिगंधा
सॉर्बे, गर, पाक याला बिनधास्त. सजावटीला नाही. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, वितळल्या की मान टाकतात. घरी गोठवणार असशील तर आधी ताटात एकेक सुटी पसर, कडक झाल्या की पिशवीत. नाहीतर एकच ढेकूळ.

गोठवलेल्यांचं सोनं समर पुडिंगमध्ये होतं बघ. वाडग्याला आतून शिळ्या पांढऱ्या ब्रेडचे काप लावायचे, फट नको. बेरी साखरेत जेमतेम रस सुटेपर्यंत गरम करायच्या, आत भरायच्या, वरून ब्रेडचं झाकण, त्यावर बशी आणि बशीवर वजन. रात्रभर फ्रीज. सकाळी उलटं करताना जो जीव वर-खाली होतो! ब्रेड सगळा किरमिजी झालेला असतो. एखादा पांढरा डाग राहतोच, म्हणून थोडा रस बाजूला ठेवायचा आणि ब्रशनं लावायचा. ब्रेड ताजा मऊ घेतला तर चिखल होतो, शिळाच हवा.

मंदारची_ती
डागावरून आठवलं. रासबेरी, पांढरा शर्ट, नवऱ्याचा. साबण लावला तर निळा पडला!!

अपर्णा_कु
साबण अल्कलीधर्मी, बेरीतला रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर. कापड उलटं करून मागून गार पाण्याची धार सोड, मग व्हिनेगर लावून ठेव थोडा वेळ. मगच धुवायला टाक.

मंदार_ज
कुठला शर्ट?

मंदारची_ती
तू पीच बघ तुझे.

चिऊची_आई
आत्ता करायला घेतलंय पण अगर संपलीये, कॉर्नफ्लोर चालेल का? जेली नाही झाली तरी चालेल

विलासकाका
चालेल की. जर्मनीत तसंच करतात, रोटं ग्रुट्सं. लाल बेरींचा रस स्टार्चनं दाट करून गार करायचा आणि वरून क्रीम. अर्धा लिटर रसाला 3 मोठे चमचे कॉर्नफ्लोर, आधी गार रसात कालवून मगच उकळत्यात ओता. ढवळत राहा, फोन खाली ठेवा.

चिऊची_आई
ढवळतेय

चिऊची_आई
गुठळ्या झाल्या काका

विलासकाका
फोन ठेवला नव्हता ना. गरम असतानाच गाळून घे, कोणाला कळणार नाही.

सुलभा_ताई
गुडघ्याचं कोणीच सांगितलं नाही.