असेक मिमोसा मोठा कशामुळे, कपमुळे की पोरांमुळे?

रानवारा: आयव्हरी कोस्टचा फुटबॉलर याया तुरेचा विषय निघाला की सगळे बार्सिलोना आणि मँचेस्टर सिटीवर बोलतात, त्याच्याच देशातल्या अबिजान शहराच्या असेक क्लबचं नाव कोणी घेत नाही, मला हे मनापासून खटकतं. १९४८ चा क्लब आहे, १९९८ ला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकलाय, फायनलला हरारेच्या डायनामोजला ४-२ हरवून. तरी माझं मत असं की त्यांचं खरं मोठं काम म्हणजे ज्याँ-मार्क गियू या फ्रेंच कोचने तिथे काढलेली अकॅडमी. लहान पोरांना आधी अनवाणी खेळवायचे, बॉल पायाला कळला पाहिजे म्हणून, बूट नंतर. तिथून याया, त्याचा भाऊ कोलो, झोकोरा, कालू, जर्विन्यो निघाले. एका क्लबने देशाला एवढं दिलं, अजून काय पाहिजे?

लेफ्टबॅक११: नाही पटलं. १९८९ ते १९९४ लीगमध्ये सलग १०८ मॅच हा क्लब हरला नव्हता, ती टीम अकॅडमीच्या आधीची! १९९२ ला आयव्हरी कोस्टने घानाला पेनल्टीवर ११-१० हरवून आफ्रिका कप नेला, तेव्हाचा गोलकीपर गुआमेने पण असेकचाच. आणि पोरं बाहेर जायला लागल्यापासून चॅम्पियन्स लीग परत एकदाही नाही. पिवळा-काळा शर्ट घालून स्टेडियमला येणाऱ्या माणसाने काय करायचं, लाडका प्लेअर दोन वर्षं बघायचा आणि मग टीव्हीवर शोधायचा?

रानवारा: १९९९ चा सुपर कप, म्हणजे आफ्रिकेतल्या दोन मोठ्या क्लब कपच्या विजेत्यांची मॅच, विसरलास का रे? चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर सीनियर प्लेअर गेले, मग अकॅडमीची पोरं उतरवली, कोलो तेव्हा १७ वर्षांचा, आणि समोर ट्युनिसचा एस्पेरान्स. एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१ जिंकले. कॉलेजच्या वयाची पोरं होती ती, अख्ख्या आफ्रिकेसमोर. म्हणजे कप आणि पोरं वेगळे नाहीतच.

सांजवेळ: दोघांचंही ऐकून घेतलं, पण मूळ दुखणं पैशाचं आहे. गियूने बेल्जियममधला बेव्हरेन क्लब हाताशी धरला आणि पोरं थेट तिकडे जायला लागली, याया २००१ ला तसाच गेला. बरं, आता तर युरोपही लागत नाही, असेकचा प्लेअर ‘अझीझ की’ २०२२ ला टांझानियाच्या यंग आफ्रिकन्सकडे गेला. आफ्रिकेतलाच दुसरा क्लब तुमचा हुकमी प्लेअर घेऊन जातो, यात अकॅडमीचा काय दोष?

लेफ्टबॅक११: सुपर कपचं मान्य, तो मुद्दा मोठाच आहे. पण ती पोरं अजून चार वर्षं अबिजानमध्ये एकत्र खेळली असती तर काय टीम झाली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ‘अझीझ की’ गेल्यावरच्या सीझनला कॉन्फेडरेशन कपची (आफ्रिकेतला चॅम्पियन्स लीगच्या खालचा क्लब कप) सेमीफायनल गाठली होती यांनी, अल्जियर्सच्या यूएसएमकडून हरले. तो असता तर?