फायनल इयर प्रोजेक्ट: थ्रीडी प्रिंटेड हात की पायाचं सॉकेट?

डोंबिवली_मेक
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबई युनिव्हर्सिटीचं कॉलेज. चौघांचा ग्रुप आहे आणि विषय लवकर द्यायचाय. बाकी तिघं म्हणतायत थ्रीडी प्रिंटेड हात करू, दंडाला ईएमजी सेन्सर (स्नायूंचा विद्युत सिग्नल टिपणारा) लावायचा, मूठ उघडते मिटते, प्रोजेक्ट एक्झिबिशनला लोक थांबून बघतात. मला मात्र पायावर काम करायचंय. माझ्या मामांचा पाय डायबेटिसमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पाय बसवलाय, रोज कामावर जातात, पण संध्याकाळी घरी आले की आधी पाय काढून कोपऱ्यात ठेवतात आणि स्टंप, म्हणजे उरलेला पाय, पंख्याखाली धरून बसतात. पायाबद्दल तक्रार नाही म्हणतात, मोडला तुटला काही नाही, जो काही त्रास आहे तो वर, स्टंप जिथे सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत, जातो तिथे. तर सॉकेटच्या आत कुठे किती दाब येतो ते मोजायचं असेल तर सेन्सर कुठले घ्यावेत? खर्च आमच्याच खिशातून आहे, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जे मिळेल तेच. गाइड सर म्हणतात सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल करा, अ‍ॅन्सिसला टाकून दाबाचं गणित करा, पुरे. खरंच पुरतं का एवढं? आणि पुढे यातच एमटेक करायचं तर मेकॅनिकलवाल्यांना घेतात की बायोमेडिकलच लागतं?

वर्कशॉप_ताई
मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवून बसवते, दिवसभर हेच काम करते, त्यामुळे माझं मत उघड आहे, सॉकेट घे. आम्ही ते कसं बनवतो ते आधी सांगते म्हणजे तुला कळेल मोजायचं नक्की काय आहे. स्टंपवर पीओपीच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतो, तो सुकला की त्यात पीओपी ओततो, की स्टंपची हुबेहूब आकृती मिळते. पण सॉकेट या आकृतीवर तसंच चढवलं तर पेशंट चार पावलं चालणार नाही. खरं काम इथून पुढे, त्याला रेक्टिफिकेशन म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड टेंडन दाब सोसतो, म्हणून तिथे पीओपी कानशीने खरवडायचं, म्हणजे सॉकेट तिथे आत दाबून बसतं. नडगीची धार, बाहेरच्या अंगाला फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं आणि खाली हाडाचं कापलेलं टोक, या तीन ठिकाणी दाब अजिबात चालत नाही, तिथे पीओपी वर चढवायचं म्हणजे सॉकेटमध्ये पोकळी राहते. किती खरवडायचं आणि किती चढवायचं हे स्टंप हाताने चाचपून ठरतं, दोन-तीन मिलिमीटरचा खेळ आहे, आणि दोन चांगल्या प्रोस्थेटिस्टना एकच स्टंप दिलात तर दोन वेगळी सॉकेट येतील. याला आकडा मिळाला तर आम्हाला हवाच आहे गं.

दुसरं म्हणजे स्टंप दिवसभर एका मापाचा राहत नाही. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी सैल पडतं, मग पेशंट वरून अजून एक मोजा चढवतो, तोही पुरला नाही की चालताना स्टंप आत वरखाली होतो, आम्ही त्याला पिस्टनिंग म्हणतो, आणि तिथेच कातडी सोलवटते. त्यात आपली हवा, आणि स्टंपवर चढवायचा सिलिकॉनचा लायनर उष्णता बाहेर सोडत नाही, घाम तिथेच साचतो. मामा पंख्याखाली बसतात ते त्यामुळेच.

आणि प्रोजेक्ट राहू दे बाजूला, मामांना आजच सांग की पाय काढल्यावर रोज स्टंप बघायचा, मागची बाजू आरशात. डायबेटिसमध्ये संवेदना कमी झालेली असते, फोड आला तरी दुखत नाही. लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पाय न घालता दाखवायला जायचं.

टेस्टरिग_पवई
ताईंनी मुद्द्याचं सांगितलंय, मी सेन्सरचं बोलतो. लॅमिंग्टनला एफएसआर, म्हणजे दाबल्यावर रोध बदलणारे सेन्सर, मिळतील, पातळ असतात, स्वस्तही, म्हणून सगळे तेच घेतात. पण एफएसआर वाकवला की न दाबताही रीडिंग देतो आणि सॉकेट तर सगळीकडून गोल आहे. एकच वजन ठेवून दिलंत तरी रीडिंग सरकत राहतं, वजन चढवताना एक आकडा आणि उतरवताना दुसरा, घाम आणि उष्णतेचा परिणाम वेगळाच. शिवाय तो फक्त काटकोनातला दाब बघतो, कातडी जी सोलवटते ती बऱ्याच अंशी शिअरमुळे, म्हणजे आडव्या घासणाऱ्या बलामुळे, ते त्याला दिसतच नाही. वापरा, पण आधी वक्र पृष्ठभागावर लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग वाचणारी एचएक्स७११ चिप लावून कॅलिब्रेट करा, आणि रिपोर्टमध्ये किलोपास्कल ठोकून देऊ नका, या जागी त्या जागेपेक्षा जास्त एवढंच म्हणा.

अ‍ॅन्सिसचं म्हणाल तर सॉकेट सोपं आहे, प्लॅस्टिकच आहे ते. अवघड आहे स्टंप. मऊ टिश्यू दाबला की रेषीय वागत नाही, आत हाड, मध्ये लायनर, त्यात घर्षण. टिश्यूचे गुणधर्म अंदाजाने टाकलेत तर रंगीत चित्र सुंदर येईल पण त्याच्यावरून कोणाच्या सॉकेटची कड कापता येणार नाही. तुमच्या सरांना हे नीट विचारा, ते समजून घेतील.

अजून एक महत्त्वाचं, माणसाच्या अंगाला सेन्सर लावून डेटा घ्यायचा म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी, मामा घरचे असले तरी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची गाइडलाइन वाचून घ्या. परवानगीला वेळ लागतो, त्यात सेमिस्टर जाईल. म्हणून माझा सल्ला, डमी स्टंप बनवा, सिलिकॉनचा, आत हाड, आणि त्याच्यावर सॉकेट चढवून रिगवर, म्हणजे चाचणीच्या सांगाड्यावर, लोड द्या. चालताना जमिनीकडून येणारं बल वजनाच्या साधारण १.१ ते १.२ पट जातं, टाच टेकल्यावर एकदा आणि पंजाने ढकलताना एकदा, तेवढं तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सहज जमेल. कृत्रिम पायाच्या मजबुतीचं जे आयएसओ १०३२८ मानक आहे, त्याच्या मागे मात्र लागू नका. त्यात ३० लाख सायकल आहेत, सेकंदाला एक धरली तरी रात्रंदिवस जवळजवळ ३५ दिवस मशीन चालू ठेवावं लागतं, आणि ती टेस्ट पायाचा सांगाडा टिकतो का ते सांगते, आतल्या कातडीचं काही सांगत नाही.

कल्याण_स्लो
मी स्वतः गुडघ्याखाली जयपूर फूट वापरतो, रेल्वे अपघात. इंजिनिअर नाही पण सांगतो. हा पाय १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून काढला. रबर, लाकूड, वरून पुन्हा रबर आणि व्हल्कनाइज केलेला, बस्स. त्याआधी जो परदेशी सॅच फूट मिळायचा त्याचा घोटा वाकत नाही, म्हणजे उकिडवं बसणं नाही, मांडी घालायची पंचाईत आणि वर बूट पाहिजेच. आपल्याकडे देवळात, घरात, शेतात अनवाणी जावं लागतं हे त्यांनी आधी बघितलं आणि मग पाय बनवला, मला याचं फार मोल वाटतं. तुम्हीही मामांना विचारा की त्रास नक्की कधी होतो. माझं सांगतो, स्टेशनच्या पुलावर चढताना काही वाटत नाही, उतरताना गुडघ्याच्या पुढे खाली टोचतं. आणि गाडीत उभं राहून गेलं की चालण्यापेक्षा जास्त दुखतं, कारण डबा हलतो आणि स्टंप आतल्या आत पिळतो. हे कोणी मोजलंय का माहीत नाही, तुम्ही मोजा.

बायोमेड_ठाणे
माझं थोडं वेगळं मत. हात एका वर्षात पूर्ण होतो, चार जणांना वाटून काम मिळतं, मार्कांचाही विचार करावा लागतो. सॉकेटमध्ये अर्धवट डेटा घेऊन व्हायवाला उभं राहावं लागलं तर तिघं मित्र तुझ्यावरच चिडतील. ईएमजीमध्येही शिकण्यासारखं भरपूर आहे, सिग्नल मिलिव्होल्टच्याही खालचा असतो, तो गोंगाटातून वेगळा काढणं सोपं नाही.

एमटेकसाठी मेकॅनिकल अडत नाही, या क्षेत्रात मेकॅनिकलवाले भरपूर आहेत. गेटला २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, हवा तर तो दे. आयआयटी बॉम्बेत २०१४ पासून बेटिक आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून मेडिकल डिव्हाइस बनवतात. आयआयटी मद्रासच्या आरटूडीटू या पुनर्वसन उपकरणांच्या केंद्राचं काम तर तुझ्याच लाइनमधलं, उभी राहणारी व्हीलचेअर अराइज त्यांची, आणि २०२२ मध्ये आलेला कदम हा कृत्रिम गुडघाही. तो पॉलिसेंट्रिक आहे, थिअरी ऑफ मशीन्समध्ये फोर बार लिंकेज शिकलीस ना, फिरण्याचा केंद्रबिंदू गुडघा वाकेल तसा सरकतो, त्यामुळे टाच टेकताना पाय दगा देत नाही.

वर्कशॉप_ताई
@बायोमेड_ठाणे मार्कांचं पटतं. पण हाताचे पेशंट माझ्याकडे येतात ना, त्यातले कितीतरी जण थोडे दिवस वापरून हात ठेवून देतात, जड होतो, गरम होतो, आणि एका हाताने कामं उरकायची सवय झालेली असते. मूठ मिटते की नाही यावर ते अडलेलं नसतं. तिथेही सॉकेटच नडतं.

डोंबिवली_मेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मामांशी बोलले. त्यांनाही उतरतानाच जास्त टोचतं, अगदी कल्याणच्या दादांनी सांगितलं तिथेच. रोज स्टंप बघायचं कबूल केलंय, मामीने मनावर घेतलंय त्यामुळे होईल. ग्रुपला डमी स्टंपची आयडिया आवडली, प्रिंटर पण वापरता येईल म्हणून तयार झालेत. सिलिकॉन कुठलं घेऊ? आणि हाड म्हणून पीव्हीसी पाइप चालेल का?

टेस्टरिग_पवई
सिलिकॉन मऊच घ्या, शोअर (मऊपणा-कडकपणाचं माप) ००-३० च्या आसपास. रिगवर पाय सरळ उभा ठेवून लोड देऊ नका फक्त, जिना उतरतानाचा कोन पण घ्या, दोघांनी तेच सांगितलंय.

वर्कशॉप_ताई
पाइप नको. नडगी गोल नसते, तिकोनी असते आणि पुढे धार असते, त्या धारेवरच तर सगळा प्रश्न आहे. सीटी स्कॅनवरून थ्रीडी स्लायसरमध्ये हाड काढता येतं, सॉफ्टवेअर फुकट आहे, ते प्रिंट करा. फिब्युला नडगीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूड ठेवा, ऑपरेशनमध्ये तशीच कापतात. आणि नडगीचं खालचं टोक पुढच्या बाजूने तिरकं घासून गोल करा, सर्जन तसंच करतो, नाहीतर त्या टोकावर तुम्हाला भलताच दाब दिसेल आणि तुम्ही सॉकेट उगाच तिथे कोरत बसाल.